अण्णादुराई : मागणी सोडली, प्रश्न ठेवला

चेन्नईत बदलून येणारे केंद्र सरकारचे अधिकारी, बँकांतील मराठी कर्मचारी आणि सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी तमिळनाडूभर पसरलेली कुटुंबे यांना अण्णा नगर हे नाव बहुधा पत्त्यापुरतेच परिचित असते. आखीव रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या अव्हेन्यू, १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी उभारलेला विश्वेश्वरय्या टॉवर आणि १ जानेवारी १९८६ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी उद्घाटन केलेली भव्य कमान, एवढी या वसाहतीची ओळख सांगितली जाते. मराठी घराला ‘अण्णा’ हा शब्द परका नाही. तमिळमध्येही त्याचा अर्थ थोरला भाऊ असाच आहे. मात्र ज्या अण्णांचे नाव या वसाहतीला मिळाले, त्या सी. एन. अण्णादुराई यांनी दोन दशकांहून अधिक काळ भारतातून वेगळे होऊन स्वतंत्र, सार्वभौम द्रविडनाडू स्थापन करण्याची मागणी केली होती, याचा विसर त्यांच्या चाहत्यांनाही पडत चालला आहे. त्याच अण्णादुराईंच्या नावाने भारत सरकारने १९७० मध्ये टपाल तिकीट काढले आणि २००९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, पाच रुपयांचे नाणेही पाडले. फुटून निघण्याची भाषा करणाऱ्या नेत्याची मुद्रा अखेर देशाच्या नाण्यावर उमटावी, हा प्रवास मुळातून पाहण्यासारखा आहे.

कांजीवरम नटराजन अण्णादुराई यांचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ रोजी कांचीपुरम येथे, विणकर समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. पैशाच्या ओढीमुळे शाळा सोडून त्यांना काही काळ नगरपालिकेत कारकुनी करावी लागली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन एम. ए. केले. बुटका बांधा, वेशाविषयी बेफिकिरी, तंबाखूचे व्यसन आणि तमिळ व इंग्रजी या दोन्ही भाषांवर सारखेच प्रभुत्व, असे हे व्यक्तिमत्त्व होते. शिक्षकी पेशा त्यांनी थोडा काळच केला. १९३४ मध्ये तिरुप्पूर येथे पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांची गाठ पडली आणि पुढची पंधरा वर्षे ते पेरियार यांचे अनुयायी, संपादक व दुभाषे झाले.

वेगळेपणाच्या मागणीला प्रथम धार आली ती भाषेच्या प्रश्नावरून. मद्रास प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९३८ मध्ये शाळांतून हिंदी सक्तीची केली. त्याविरुद्धच्या आंदोलनात अण्णादुराई तुरुंगात गेले. आंदोलन संपता संपता तमिळनाडू तमिळांना ही घोषणा स्वतंत्र द्रविडनाडूच्या मागणीत रूपांतरित झाली होती. जानेवारी १९४० मध्ये पेरियार मुंबईस आले आणि त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व महंमद अली जिना या दोघांच्याही भेटी घेतल्या. तिशीतले अण्णादुराई त्या मंडळींत होते. त्याच वर्षी जूनमध्ये कांचीपुरमच्या परिषदेत नियोजित द्रविडनाडूचा नकाशा मांडला गेला. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम बोलणाऱ्यांचे एकच राष्ट्र, अशी ती कल्पना होती. या चारांपैकी तीन भाषिक समूहांना तिच्यात कधीच फारसा रस नव्हता. मागणीची ही मूळ दुर्बलता पहिल्या दिवसापासून होती आणि अखेरपर्यंत ती दूर झाली नाही.

अण्णादुराईंनी १९४२ मध्ये ‘द्रविडनाडू’ याच नावाचे साप्ताहिक काढले. तथापि त्यांचा प्रभाव अग्रलेखांपेक्षा रंगभूमीने आणि चित्रपटाने अधिक वाढवला. मराठी वाचकाला कुतूहल वाटावे असे त्यांचे एक नाटक शिवाजी महाराजांवर आहे. महाराजांच्या राज्याभिषेकाला क्षत्रियत्वाच्या प्रश्नावरून झालेला विरोध आणि त्यासाठी काशीहून आलेले गागाभट्ट हा त्याचा विषय. या नाटकात गागाभट्टांची भूमिका स्वतः अण्णादुराईंनी केली. महाराजांच्या भूमिकेतील गणेशन नावाच्या तरुण नटाचे काम पाहून पेरियार यांनी त्याला शिवाजी ही पदवी दिली. शिवाजी गणेशन हे नाव त्यातून रूढ झाले. परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या महाराजांपेक्षा, स्वकीयांनीच राजा मानण्यास नकार दिलेला पराक्रमी पुरुष म्हणून अण्णादुराईंना त्यांच्यात रस होता. राज्य हाती असूनही मान्यता दुसऱ्याच्या हाती असणे, हा पेच त्यांनी राजकारणात पुरता उतरण्यापूर्वी रंगमंचावर मांडला होता.

१९४४ च्या सेलम अधिवेशनात अण्णादुराईंच्या ठरावाने जस्टिस पक्षाचे द्रविडर कळघममध्ये रूपांतर झाले. इंग्रजांनी दिलेल्या पदव्या टाकून देण्याची अटही त्या ठरावात होती. गुरू-शिष्यांतील पहिली उघड फट १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिसली. पेरियार यांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळण्यास सांगितले. अण्णादुराईंनी मात्र परकीय सत्ता जाण्याचा दिवस हा आनंदाचाच दिवस आहे, अशी जाहीर भूमिका घेतली. दोन वर्षांनी पेरियार यांनी उतारवयात आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्या मणियम्मै यांच्याशी विवाह केला आणि ते फुटीचे निमित्त ठरले. १७ सप्टेंबर १९४९ रोजी, पेरियार यांच्याच वाढदिवशी, मद्रासच्या रॉबिन्सन पार्कात भर पावसात द्रविड मुन्नेत्र कळघमची स्थापना झाली. अध्यक्षपद पेरियार यांच्यासाठी रिकामे ठेवून अण्णादुराई सरचिटणीस झाले. विवाह हे निमित्त होते. खरा मतभेद मार्गाचा होता. पेरियार यांना निवडणुका नको होत्या. अण्णादुराईंचा ओढा मतपेटीकडे होता. १९५६ च्या तिरुचिरापल्ली अधिवेशनात त्यांनी निवडणूक लढवावी की नाही, हा प्रश्न जमलेल्या लोकांपुढेच मताला टाकला आणि होकार मिळवला.

१९५७ मध्ये द्रमुकला विधानसभेच्या १५ जागा मिळाल्या, १९६२ मध्ये ५०. १९५९ मध्ये मद्रास महापालिकाही हाती आली. पक्ष वाढत होता आणि त्याच गतीने द्रविडनाडूचा पाया खचत होता. पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणत्यागानंतर १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. १९५६ च्या पुनर्रचनेने कन्नड आणि मल्याळम भाषकांनाही आपापली राज्ये मिळाली. ज्यांना सोबत घेऊन राष्ट्र उभारायचे ते तिघेही आपापल्या घरी स्थिरावले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा याच काळातील आहे. १०५ हुतात्म्यांचे रक्त सांडूनही त्या लढ्याने संघराज्याबाहेर पाऊल टाकण्याची भाषा कधी केली नाही, कारण मागणी राज्याची होती आणि ती राज्यघटनेच्या चौकटीतच पूर्ण होण्याजोगी होती. द्रमुकमध्येही हे ओळखणारे होते. पेरियार यांचे पुतणे ई. व्ही. के. संपत यांनी द्रविडनाडू ही अशक्य कोटीतील गोष्ट असल्याचे सांगून १९६१ मध्ये पक्ष सोडला. अण्णादुराईंनी त्या वेळी त्यांचे म्हणणे मानले नाही. दोन वर्षांत त्यांना तेच करावे लागले.

१९६२ च्या निवडणुकीत पक्ष तिपटीने वाढला, पण अण्णादुराई स्वतः कांचीपुरममध्ये पडले. त्यामुळे ते राज्यसभेत आले. १ मे १९६२ रोजीच्या पहिल्याच भाषणात त्यांनी द्रविडनाडूच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. दिल्लीच्या सभागृहात विभाजनाची मागणी इतक्या सौम्य शब्दांत आणि इतक्या सफाईदार इंग्रजीत क्वचितच ऐकली गेली असेल. ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले आणि सारे चित्र पालटले. भाववाढीविरुद्धच्या आंदोलनामुळे त्या सुमारास तुरुंगवास भोगणाऱ्या अण्णादुराईंनी मागणी स्थगित केली आणि संरक्षण निधीसाठी पक्षाला कामाला लावले.

तेवढ्याने केंद्राचे समाधान होणार नव्हते. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय एकात्मता समितीच्या शिफारशीवरून सोळावी घटनादुरुस्ती आली आणि ५ ऑक्टोबर १९६३ पासून अमलात आली. भाषणस्वातंत्र्यावर आणि संघटनास्वातंत्र्यावर देशाच्या सार्वभौमतेसाठी व अखंडतेसाठी निर्बंध घालण्याची मुभा तिने दिली. उमेदवारी अर्ज भरणाऱ्याने सार्वभौमता व अखंडता राखण्याची शपथ घेणे तिने बंधनकारक केले. आज आमदार, खासदार, मंत्री आणि न्यायाधीश जी शपथ घेतात, तिच्यातील हे शब्द मुख्यतः द्रमुकला नजरेसमोर ठेवून घातले गेले होते. शपथविधीच्या समारंभांना उपस्थित राहणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल?

या विधेयकावरील अण्णादुराईंचा युक्तिवाद त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. सार्वभौमत्व ही अखंड, अविभाज्य वस्तू आहे, हे गृहीतच त्यांनी नाकारले. घटनेच्या उद्देशिकेनुसार राजकीय सार्वभौमत्व लोकांकडे आहे आणि कायदेशीर सार्वभौमत्व संघ व घटकराज्ये यांच्यात विभागलेले आहे. मग राज्यांचा वाटा वाढवून मागणे हा देशद्रोह कसा ठरतो, असा त्यांचा सवाल होता. या मांडणीत एक हुशारी होती. वेगळ्या राष्ट्राची मागणी उद्या सोडावी लागली, तरी वाट्याची मागणी शिल्लक राहणार होती. १९६३ च्या अखेरीस द्रमुकने आपल्या घटनेतून द्रविडनाडूचे ध्येय वगळले. मागणी मागे घेतली असली तरी तिच्यामागची कारणे जशीच्या तशी आहेत, असे ते पुढेही सांगत राहिले. विरोधकांनी याला घाबरटपणा म्हटले. तो आरोप पुरता खोटा नव्हता. बंदीचे भय होतेच. पण केवळ भयाने माघार घेणारा नेता चार वर्षांत सत्तेवर येत नसतो.

या माघारीचे मोल कळण्यासाठी एका दूरच्या वाळवंटाकडे पाहावे लागते. स्पेनने १९७५ मध्ये पश्चिम सहारा सोडायचे ठरवले, तेव्हा त्या भूमीवर मोरोक्को आणि मॉरिटानिया या दोघांनी हक्क सांगितला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ च्या सल्लामतात त्या दाव्यांनी प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नसल्याचे म्हटले. तीनच आठवड्यांत मोरोक्कोचे साडेतीन लाख नागरिक सीमेवर धडकले. पोलिसारिओ या संघटनेने २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली. तिचा तिशीही न गाठलेला नेता अल वाली मुस्तफा सय्यद त्याच वर्षी जूनमध्ये मॉरिटानियाच्या राजधानीवरील हल्ल्यात मारला गेला. पुढे ऐंशीहून अधिक देशांनी कधी ना कधी या राष्ट्राला मान्यता दिली आणि त्यांतील अनेकांनी ती काढूनही घेतली. भारताने १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती मागे घेतली. आफ्रिकी संघात आजही त्याला जागा आहे. मात्र भूमीचा मोठा भाग आणि जवळपास सारा किनारा मोरोक्कोच्या ताब्यात, मध्ये सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळूची भिंत आणि लाखाहून अधिक निर्वासित अल्जीरियातील तिंदुफच्या छावण्यांत, अशी स्थिती आहे. सहरावींना राष्ट्र आहे, दूतावास आहेत, ध्वज आहे, भूमी नाही.

१९९१ च्या युद्धविरामाबरोबर सार्वमताचे आश्वासन मिळाले होते. मतदार कोण, याच वादात ते अडकले आणि कधी झालेच नाही. २००७ मध्ये मोरोक्कोने आपल्या सार्वभौमत्वाखाली स्वायत्तता देऊ केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने वाटाघाटींचा आधार म्हणून ती योजना स्वीकारली. म्हणजे राष्ट्राचा दावा सोडून वाटा घ्यावा काय, हा १९६३ चा प्रश्न सहरावींपुढेही येऊन ठेपला आहे. दोन्ही प्रकरणांची उगमकथा वेगळी आहे. मद्रास ही कुणी लष्कर पाठवून जोडलेली वसाहत नव्हती. पण निर्णायक फरक दुसराच आहे. अण्णादुराईंनी दावा सोडला तेव्हा त्यांच्या हाती मतपेटी होती. मागणी सोडण्याच्या बदल्यात काय मिळवता येईल, हे दिल्लीने ठरवायचे नव्हते, मद्रासच्या मतदारांनी ठरवायचे होते. छावणीत जन्मून छावणीत म्हातारे होणाऱ्यांना ही सोय कुणी दिलेली नाही.

त्या मतपेटीची किंमत लवकरच दिसली. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघाची एकमेव राजभाषा होणार होती. मद्रास राज्य पेटले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, अनेकांचे प्राण गेले. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या मंत्र्यांनी राजीनामे देऊ केले आणि इंग्रजी चालू ठेवण्याचे आश्वासन पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांना द्यावे लागले. आंदोलनाची सूत्रे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या हाती होती; फळ द्रमुकला मिळाले. १९६७ च्या निवडणुकीत २३४ पैकी १३७ जागा जिंकून पक्ष सत्तेवर आला. कामराज यांच्यासारखा मातब्बर नेता एका विद्यार्थी पुढाऱ्याकडून हरला. तीस वर्षांपूर्वी हिंदी सक्तीची करणारे राजगोपालाचारी आता द्रमुकचे मित्र होते. राजकारणात असे योग येतात. अण्णादुराईंनी त्याचे फारसे नवल केले नाही. निवडून आल्यावर ते प्रथम पेरियार यांच्या भेटीस गेले, ज्यांनी निवडणुकीत काँग्रेसचा प्रचार केला होता.

मुख्यमंत्रिपदाची दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत. पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता मिळाली. जानेवारी १९६८ मध्ये विधानसभेने त्रिभाषा सूत्र नाकारून तमिळ व इंग्रजी ही दोनच भाषांची व्यवस्था स्वीकारली. १८ जुलै १९६७ रोजी राज्याचे नाव तमिळनाडू करण्याचा ठराव झाला. याच नावासाठी शंकरलिंगनार या गांधीवादी वृद्धाने १९५६ मध्ये सत्तरहून अधिक दिवस उपोषण करून प्राण दिले होते आणि भूपेश गुप्त यांचे याच आशयाचे विधेयक राज्यसभेत अण्णादुराईंच्या पाठिंब्यानंतरही पडले होते. महाराष्ट्राला आपले नाव १९६० मध्ये मिळाले. तमिळनाडूला १४ जानेवारी १९६९ उजाडावा लागला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुपयात तीन माप तांदूळ देण्याचे आश्वासन एका मापावर आले, तेही मद्रास आणि कोइमतूरपुरते. त्याहून गंभीर घटना तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी गावात घडली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीच्या वादातून ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. आजारी मुख्यमंत्र्याने दुःख व्यक्त केले, मंत्री पाठवले. पण दिल्लीपासून सत्ता खेचून आणणाऱ्या चळवळीकडे गावातील जमीनदारापासून ती खेचण्याचा कार्यक्रम नव्हता, हे त्या रात्री उघड झाले. द्रमुकचे चरित्रकार या प्रकरणावरून भरभर पुढे जातात. तसे जाणे योग्य नव्हे.

सप्टेंबर १९६८ मध्ये अण्णादुराईंना अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी अमेरिकेला नेण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर ते परतले, पण प्रकृती सुधारली नाही. राज्याला नवे नाव मिळाले त्याच पोंगलच्या सुमारास कार्यकर्त्यांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रांतून त्यांनी घटना कागदावर संघराज्यात्मक असली तरी व्यवहारात केंद्राकडेच झुकलेली आहे, हे मत पुन्हा मांडले. मुख्यमंत्रिपदाच्या अनुभवाने ते मत अधिक पक्के झाले होते. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला दीड कोटी लोक जमल्याचा अंदाज गिनीज बुकाने नोंदवला. मरिना किनाऱ्यावर त्यांना दफन करण्यात आले.

त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या एम. करुणानिधी यांनी त्याच वर्षी केंद्र-राज्य संबंधांसाठी न्या. पी. व्ही. राजमन्नार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७१ मध्ये तिचा अहवाल आला, १९७४ मध्ये विधानसभेने त्याआधारे स्वायत्ततेचा ठराव केला आणि केंद्राने तो मानला नाही. एप्रिल २०२५ मध्ये करुणानिधींचे पुत्र एम. के. स्टालिन यांच्या सरकारने याच विषयासाठी न्या. कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली.